राखीव बाटलीतलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो तेव्हा होता, आता नाही. मुलाला नाही. देवापुढेसुद्धा नाही, कारण देवघर स्वयंपाकघरात आहे आणि तिथे सून असते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात धैर्य काही नाही, हे आधीच सांगून ठेवते. नावंही मी बदललीत. तेवढीही हिंमत झाली नाही.

माझं वय बाहत्तर. शाळा चौथीपर्यंत. कोपरला राहते, डोंबिवली पश्चिमेला. वडील मिठागरावर होते. लिहायला मला वेळ लागतो. नात म्हणाली, आजी तू बोल, मी मोबाईलवर टाइप करून देते. तिला काय बोलून दाखवू?

मी भित्री बाई आहे. किती भित्री, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी माझा मोतीबिंदू काढायचा ठरला. डॉक्टरला मी एकच विचारलं — भूल देणार का? तो म्हणाला, आजी, डोळ्यात थेंब टाकतो, दुखणार नाही, कशाला घाबरता? मला दुखण्याची भीती नव्हती. भुलीत माणूस बडबडतं, असं मी ऐकलेलं. थेंबानेही बडबडलं तर? बाहेर मुलगा, सून बसलेली असणार. दोनदा तारीख पुढे ढकलली. मुलाला वाटलं, आईला सुरीची भीती वाटते. वाटू दिलं.

तापाचंही तसंच. ताप चढला की मी सुनेला खोलीत थांबू देत नाही. सून म्हणते, सासूबाईंना दुखण्यात माणूस नको असतं. चांगली आहे ती. तिला काय ठाऊक, मी तोंडात पदर धरून पडलेली असते.

तर, काम काय होतं ते सांगते.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं होते. काम काच धुण्याचं. बाटल्या, नळ्या, चंबू. हळूहळू नमुने आणायचं कामही माझ्याकडे आलं. लॅबला नीलिमा मॅडम होत्या. एमएस्सी झालेल्या, तेव्हा चाळिशीच्या. शांत बाई. ओरडणं नाही, घाई नाही. मला त्या मावशी म्हणायच्या. आम्ही दोघी एकाच टेबलावर डबा खायचो, आणि त्या जागेत ते सोपं नव्हतं — इतर मॅडम वेगळ्या बसायच्या.

त्यांनी मला केएफ दाखवलं. सॉल्व्हंटमध्ये पाणी किती आहे ते मोजायची ती तपासणी. सॉल्व्हंट म्हणजे टोल्युईन वगैरे, पाण्यासारखंच दिसणारं, पण पाणी नव्हे. डोळ्यांना काही कळत नाही. एका बंद काचेच्या भांड्यात सॉल्व्हंट सुईने सोडायचं आणि वरून तांबूस-तपकिरी औषध थेंबथेंब घालायचं. आत पाणी असेल तोवर तो तपकिरी रंग पडला की नाहीसा होतो. पाणी संपलं की रंग टिकतो. मग किती औषध लागलं, त्यावरून पाणी किती ते निघतं. बस, एवढंच. मॅडम म्हणाल्या होत्या, "मावशी, हवेतलं पाणीसुद्धा आत शिरतं, म्हणून झाकण क्षणभरही उघडं ठेवायचं नाही." ते मला लगेच कळलं. मीठ हवेतलं पाणी कसं ओढतं, हे मिठागरवाल्याच्या पोरीला शिकवावं लागत नाही. औषधाला वास मात्र असा, की सुकट बरी.

प्लांटमध्ये दामू म्हणून ऑपरेटर होता, विठ्ठलवाडीचा. तो लॅबच्या दारात उभा राहून म्हणायचा, "मावशी, तुमचं ते तांबडं औषध थोडं द्या की. आमच्या गवळ्याच्या दुधावर टाकून बघतो."

"रंग टिकायचाच नाही रे दामू, बाटली संपेल," मी म्हणायची.

"मग मॅडमला सांगून गवळ्याला सर्टिफिकेट द्या. शुद्ध पाणी, किंचित दूध."

मॅडम मान खाली घालून हसायच्या. असा माणूस होता दामू. हे सगळं का सांगते? कारण पुढचं सांगायला मला वेळ हवाय.

नमुना काढायची रीत अशी. टोल्युईन तेलासारखं आहे, पाण्यात मिसळत नाही. पाणी असलंच तर ड्रमच्या तळाशी जाऊन बसतं. आणि ड्रम उघड्यावर उभे असायचे. पावसाळ्यात झाकणावर पाणी साचतं. दिवसा ड्रम तापतो, मग एखादी सर येते, ड्रम गार होतो आणि झाकणाच्या आट्यांमधून ते साचलेलं पाणी आत ओढून घेतो. माणसाने श्वास घ्यावा तसा. हे मॅडमनी मला ड्रमपाशी उभं करून दाखवलं होतं. म्हणून नमुना तळातूनच घ्यायचा. त्यासाठी काचेची लांब नळी. वरचं तोंड अंगठ्याने दाबायचं, नळी तळाला टेकवायची, अंगठा सोडायचा. तळाचं नळीत चढतं. पुन्हा अंगठा दाबायचा आणि नळी वर काढायची. प्रत्येक ड्रममधून असं थोडं थोडं घेऊन दोन बाटल्या भरायच्या. एक तपासायची. दुसरी राखीव — तिला झाकणावरून पातळ मेणाची पट्टी गुंडाळायची, मॅडमची सही असलेली चिठ्ठी लावायची आणि कपाटात ठेवायची. पुढे काही वाद झाला तर ती उघडून पुन्हा तपासतात. पट्टी गुंडाळायचं काम माझं. कपाटाची किल्लीही माझ्याकडेच.

त्या वर्षी माझा हात हलायला लागला होता. उजवा. फार नाही. कप धरला की बशीत वाजायचा. काच धुणाऱ्या बाईचा हात हलतो, हे कळलं तर तिला कोण ठेवणार? मी कुणाला सांगितलं नाही. पण काच काही गप्प राहत नाही. त्या महिन्यात दोन चंबू फुटले. नवीन सामानासाठी स्टोअरच्या म्हात्र्याकडे चिठ्ठी घेऊन जावं लागायचं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, तुम्हाला स्टीलचे चंबू मागवू का? पोचा येईल, पण फुटायचे नाहीत." सगळे हसले. मीही हसले. घरी गेल्यावर हाताकडे बघत बसले.

श्रावण होता. सकाळी सहा ड्रम नमुन्याला होते. पहिल्याच ड्रमच्या तोंडाशी नळी टेकली आणि मोडली. आवाजसुद्धा झाला नाही फारसा. खालचा तुकडा जमिनीवर पडला, वरचा माझ्या हातात राहिला, हातभर लांब.

आता काय करायचं ते उघड होतं. म्हात्र्याकडे जाऊन नवीन नळी मागायची. पाच मिनिटांचं काम. तो काहीतरी बोलला असता, लोक हसले असते. बस, एवढंच. मला उपास होता, डोकं दुखत होतं, पण ते कारण नव्हे. लाज वाटली, हेच कारण. मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. खालचा तुकडा फडक्यात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातला. आणि हातात उरलेल्या तुकड्याने सहाही ड्रममधून नमुना घेतला. तो तुकडा ड्रमच्या मध्यापर्यंतही नीट पोचत नव्हता. वरवरचं टोल्युईन आलं. काचेसारखं स्वच्छ.

बाटल्या घेऊन आले. मॅडमनी विचारलं नाही, नळी कुठे आहे. का विचारतील? इतकी वर्षं मी आणत होते. त्यांनी नमुना दोनदा तपासला, माझ्यासमोर. दोन्ही वेळा आकडा आला शून्य दशांश शून्य दोन. शून्य दशांश शून्य पाचपर्यंत चालायचं. त्यांनी वहीत लिहिलं, सही केली, माल प्लांटला सोडला. तपासलेली बाटली मी धुऊन ठेवली. रोज ठेवायची तशीच. त्यात तेव्हा काही डाव नव्हता. एवढ्यापुरतं माझं ऐका.

जेवणानंतर ते टोल्युईन मोठ्या भांड्यात ओढलं आणि त्यात सोडियम घालायला घेतलं. सोडियम म्हणजे मऊ, चाकूने कापता येणारा धातू. तो पाण्याला शिवला की पेटतो. हे प्लांटमधल्या झाडूवालीलाही माहीत असायचं. म्हणून तर पाणी मोजायचं. सहापैकी एका ड्रमच्या तळाशी पाणी होतं. भांड्याच्या तोंडाशी दामू होता.

आवाज लॅबमध्ये आला तेव्हा माझ्या हातात बाटली धुवायचा ब्रश होता. खिडकीची एक काच खाली पडली. सगळे धावले. मॅडमही धावल्या. मी दारापर्यंत गेले. दामूला चौघांनी धरून बाहेर आणलं. त्याने दोन्ही हात पुढे धरलेले, आणि त्या हातांना — नाही, ते मी लिहीत नाही. तो ओरडत नव्हता. तेच वाईट होतं.

मला कळलं. सगळ्यांच्या आधी कळलं. कंपनीचे साहेब, ते इंजिनियर, बाहेरून आलेले तपास करणारे, त्यांना समजायला दिवस लागले. मला तिथे दारातच समजलं — तळाशी पाणी होतं.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, हात थरथरला, नळी मोडली, बाई लाजली. चूक माणसाकडून होते. एवढंच असतं तर मी हे अठरा वर्षं पोटात ठेवलं असतं का? ठेवलं असतं कदाचित. भित्री आहे. पण एवढंच नाही.

इथवर लिहून मी वही चार दिवस बंद ठेवली. आज पुढे लिहिते.

लॅब रिकामी होती. मी दारातून मागे आले. दामूचा विचार माझ्या मनात नव्हता, खरं सांगते. मनात राखीव बाटली होती. ती आता उघडतील. उघडून तपासतील. तिच्यात पाणी निघणार नाही, कारण ती मी वरूनच भरली होती. मग काय म्हणतील? म्हणतील, मॅडमची मोजणी बरोबर आहे. मग नमुनाच चुकीचा काढला. कोणी काढला?

आणि त्या बाटलीत पाणी निघालं तर? तर नमुना बरोबर. मोजणी चूक.

चौथी शिकलेलं डोकं. तरी हे मला किती वेळात सुचलं, ठाऊक आहे? ब्रश खाली ठेवेपर्यंत.

मी कपाट उघडलं. बाटली काढली. मेणाची पट्टी मीच सकाळी गुंडाळली होती, ती सोडवली. चिठ्ठीला हात लावला नाही, मॅडमची सही तशीच राहिली. नळाचं पाणी ड्रॉपरमध्ये घेतलं आणि चार थेंब बाटलीत सोडले. बाटली हलवली. आतलं गढूळ झालं, मग थेंब तळाशी जाऊन मण्यांसारखे बसले. नवीन पट्टी गुंडाळली. बाटली जागेवर ठेवली, कपाट लावलं.

त्या वेळी माझा हात हलला नाही. अजिबात नाही.

बाहेर आले तर मॅडम जिन्यावर बसलेल्या, दोन्ही हात डोक्याला. मी त्यांना पाणी आणून दिलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी होती. बाहेरचे दोघे अधिकारी आले होते. मला दारापाशी उभं केलेलं. त्यांतल्या एकाने राखीव बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि जरा वाकडी केली.

"मॅडम, हे तर डोळ्यांना दिसतंय. ह्याला टेस्ट कशाला लागते?"

मॅडम म्हणाल्या, "सर, मी पाहिली तेव्हा स्वच्छ होती. मी दोनदा केलं. दोन्ही वेळा—"

"सील तुमचं आहे?"

"हो."

"सही?"

"माझीच."

"मग पाणी आत कुठून गेलं?"

मॅडम वाकून बाटलीचा तळ बघू लागल्या. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, छाती बंद पडेल तर बरं.

"नमुना तुम्ही काढला?"

"हो साहेब."

"तळातून?"

"हो साहेब. तळातूनच. मॅडमनीच शिकवलंय तसं."

ते शेवटचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. का बोलले? आपला माणूस आपल्या बाजूने बोलतोय, असं मॅडमना वाटावं म्हणून? त्यांना वाटलंही तसं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

बाटली तपासली. पाणी निघणारच. अहवालात आलं, की केमिस्टने तपासणी न करताच आकडा लिहिला. मॅडमना काढलं. पोलिसांनी दोनदा बोलावून जबाब घेतला. पुढे ते मिटलं, पण डोंबिवलीत केमिकलवाले सगळे एकमेकांना ओळखतात. त्यांना पुन्हा कुणी लॅबमध्ये घेतलं नाही. दामूचा उजवा डोळा गेला. हाताची बोटं एकमेकांना चिकटली.

जायच्या दिवशी मॅडम सामान घ्यायला आल्या. जिन्यावर आम्ही दोघीच होतो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, राग मानू नका. नळी तळापर्यंत गेली होती ना? सगळ्या ड्रममध्ये?"

बघा, हाच क्षण होता. आणखी कोणता पाहिजे? मी काय म्हणाले, ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "शंका असली तर सांगा साहेबांना. मी काय, चौथी शिकलेली. काढतील मला. तुम्हाला दुसरीकडे मिळेल, मला कोण घेणार?"

त्या रडायला लागल्या. माझा हात धरून माफी मागितली. माझी.

दामू हॉस्पिटलमधून घरी आला तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, मला एकटीने जायची भीती वाटते, याल का बरोबर? मी गेले. विठ्ठलवाडीला त्याचं घर, चाळीत वरच्या मजल्यावर. मॅडमनी फळं नेली होती. दामूच्या बायकोने ती पिशवी उंबऱ्याबाहेरच ठेवली. दामू खाटेवर होता. त्याने मॅडमना पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मग भिंतीकडे बघतच बोलला. "मावशी, तुम्ही कशाला आलात हिच्यासोबत? तुम्ही आपल्या."

मॅडम म्हणाल्या, "दामोदर, माझं चुकलं." त्या दिवसापर्यंत त्या 'मी दोनदा केलं होतं' म्हणायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, चुकलं. खाली उतरताना मला म्हणाल्या, "मावशी, बाटलीत पाणी होतं, म्हणजे होतंच. मला दिसलं कसं नाही?"

मी निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ मिळाला. साहेब म्हणाले, मावशींची बावीस वर्षांत एक तक्रार नाही. म्हात्र्यानेही टाळ्या वाजवल्या.

आता मॅडम कुठे, कशा आहेत, ते ऐका. कळव्याला राहतात, नवरा आणि त्या. साठीच्या आहेत. काही वर्षं शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, मग त्याही सोडल्या. फळ्यावर लिहिलेलं गणित पुन्हा पुन्हा पुसायच्या, पोरं कंटाळायची. माझ्याशी संबंध त्यांनीच ठेवला. म्हणतात, त्या दिवसांत माझ्याशी नीट वागलात त्या तुम्हीच. संक्रांतीला जाते मी, दिवाळीला जाते. दर वेळी वाटतं, या वेळी त्यांना कळलेलं असणार. दार उघडलं की आधी त्यांचा चेहरा बघते.

त्यांचं काय झालंय, सांगते. भाजीत मीठ घातलं की नवऱ्याला चव घ्यायला लावतात. एकदा नाही, तीनदा. गॅस बंद केला का, हे त्याने येऊन सांगायचं. नवरा कंटाळत नाही, आता त्याला सवय झालीय. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव त्या वाचतात आणि मग शेजारच्या बाईंकडून वाचून घेतात. गेल्या संक्रांतीला मी गेले तर विजेचं बिल घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, बरं झालं आलात. हा आकडा आठच आहे ना? की तीन?"

मी चष्मा लावला. "आठ आहे."

"नक्की?"

"नक्की, मॅडम."

"बरं. मला दिसतंय आठ. पण मला दिसतं त्याचं काय खरं." आणि हसल्या.

एमएस्सी झालेली बाई. चौथ्या दशांशापर्यंत मोजायची. तिचे डोळे शाबूत आहेत, माझ्यासारखा मोतीबिंदूही नाही. आणि ती मला, मला विचारते, हा आठ आहे का.

त्या दिवसापासून मला झोप लागत नव्हती. दिवसाही दाराची बेल वाजली की दचकायची. आधी भीती होती की त्यांना कळेल. आता दुसरी आली — त्या अशाच मरतील. म्हणजे कळायला कुणी उरणारच नाही. आणि खरं सांगू? या दुसऱ्या भीतीत थोडा सुटकेचा भागही होता. तो मला दिसला. त्यानेच घाबरले.

म्हणून गेल्या महिन्यात ठरवून गेले. काय बोलायचं ते घरी पाठ केलं होतं. त्यांचा नवरा बँकेत गेलेला. मॅडमनी चहा केला. साखर बरोबर आहे का, विचारलं. मी म्हणाले, बरोबर आहे. कप खाली ठेवला, नाहीतर बशीत वाजला असता.

मी म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी नळी मोडली होती. मी वरूनच नमुना काढला. तळापर्यंत गेलीच नव्हती नळी."

सांगितलं. एवढं सांगितलं. अठरा वर्षांनी.

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, आता उठतील, ओरडतील, नवऱ्याला फोन करतील, माझ्या मुलाला फोन करतील. मला वाटलं, करू दे.

मग त्यांनी माझा हात हातात घेतला. तसाच, जिन्यावर घेतला होता तसा.

"मावशी, तुम्ही अजून माझ्यासाठी काहीतरी शोधताय. पण असं नाही होत. तुम्ही वरून काढला असता तर राखीव बाटलीत पाणी आलंच नसतं. आणि त्यात पाणी होतं. मी स्वतः पाहिलं. मणी दिसत होते तळाशी." त्यांनी माझा हात थोपटला. "म्हणजे नळी तळापर्यंत गेली होती. मीच चुकले. माझं ओझं तुम्ही घेऊ नका."

त्यांचा हिशेब बरोबर होता. एकही चूक नव्हती त्यात. त्यांची मोजणीही त्या दिवशी बरोबर होती — शून्य दशांश शून्य दोन, दोन्ही वेळा. आता फक्त एकच वाक्य बाकी होतं. पाणी मी घातलं. तीन शब्द. मला येत होते ते. घरून पाठ करून आलेलेच होते, तोंडात होते.

त्या माझ्याकडे बघत होत्या. मायेने बघत होत्या. आणि मला काय वाटलं? सुटले, असं वाटलं. मी सांगून पाहिलं, त्यांनीच मानलं नाही, आता माझ्याकडे काय उरलं — असं वाटलं. तेवढा वेळ पुरला.

मी म्हणाले, "हो मॅडम. माझाच काहीतरी घोळ होतोय."

"होतं, मावशी. वय झालं," त्या म्हणाल्या, आणि भांड्यात उरलेला चहा माझ्या कपात ओतला. मी तो प्यायले.